प्रांजलच्या फोनवरचा सांगावा

प्रिय प्रांजल,

उद्या माझा इंटरव्ह्यू आहे, तळोज्याला. आईने ड्रेसला इस्त्री करून तो खुर्चीच्या पाठीवर टाकलाय आणि त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाहीये. बाबांनी त्यांची मिनिडोर रिक्षा धुऊन ठेवलीय. रामवाडीचं एसटी स्टँड आमच्या दारातून दिसतं, तरी तिथपर्यंत उद्याची पहिली सवारी मीच, असं त्यांनी सगळ्या आळीला सांगून टाकलंय. घरातली पहिली ग्रॅज्युएट इंटरव्ह्यूला चालत कशी जाणार?

दोघंही इतके खूश आहेत की त्यांना हे सांगता येत नाही. म्हणून तुला लिहितेय. मला तुझा हेवा वाटतो. अजूनही. कॉलेजात वाटायचा ते एक वेळ ठीक होतं, सगळ्यांनाच कुणाचा तरी वाटतो. पण तू गेल्यावरही वाटावा? मेलेल्या मैत्रिणीचा हेवा करणारी मुलगी मी अजून दुसरी पाहिली नाही.

तुला आठवतं का, टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला शेजारी शेजारी उभ्या असायचो? तुझ्या फ्लास्कमधला गुलाबी रंग इतका फिका यायचा की सर वाकून बघायचे आणि कौतुकाने मान हलवायचे. माझा नेहमी एक थेंब जास्त पडायचा आणि रंग गडद व्हायचा. मग सर माझ्याकडे न बघताच पुढे जायचे. लेखी परीक्षेत मी तुझ्या पुढे असायचे, पण ते कुणी वाकून बघत नाही.

निकालानंतर तू मला त्या नोकऱ्यांच्या साइटवर खातं उघडायला लावलंस. तुमच्या अष्टमी गावच्या पुलावर उभं राहून, तिथे रेंज चांगली येते म्हणून. खाली कुंडलिका, मागून गाड्यांचे हॉर्न, आणि तू माझा फोटो काढत होतीस. हस म्हणालीस. मी म्हटलं, नोकरीसाठी कशाला हसायचं? तू म्हणालीस, मग रड, बघू कोण घेतं.

कंपन्यांसाठी माणसं शोधणारे ते लोक! त्यांना लिहायचं म्हणजे मला अंगावर काटा यायचा. ओळख ना पाळख, आणि सरळ नोकरी मागायची? आपण शिकलो ते कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं. माझे मार्क बोलतील, असं मी तुला म्हटलं होतं.

"बोलतात ना?" तू म्हणालीस. "मग गप का बसलेत इतके दिवस?"

शेवटी मी लिहिला एक मेसेज. आदरणीय महोदय, मी एका सर्वसामान्य कुटुंबातील होतकरू मुलगी असून... तो तू वाचलास आणि पुलाच्या कठड्याला धरून हसत सुटलीस. नोकरी मागतेयस की देवळात गाऱ्हाणं घालतेयस, असं विचारलंस. हसून झाल्यावर तुझा मेसेज दाखवलास. मला तो आजही पाठ आहे. नमस्कार मॅडम, मला क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम हवंय. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे. आत्ता जागा नसेल तर पुन्हा कधी विचारू?

पुन्हा कधी विचारू! एवढंसं वाक्य, पण त्याला उत्तर न देऊन माणूस जाईल कुठे? मला का नाही सुचलं ते?

त्या मॅडमनी तुला उत्तर दिलं. सध्या जागा नाहीत, फ्रेशर घेऊ तेव्हा मी स्वतः कळवीन, आणि पुढे हसरा चेहरा. तू मला फोन करून वाचून दाखवलंस. मी अभिनंदन केलं आणि वर म्हटलं, असं ते सगळ्यांनाच लिहितात गो, कोण लक्षात ठेवतंय. तुला ते लागलं नाही. तुला काही लागायचंच नाही, याचाही मला राग यायचा. फोन ठेवल्यावर मी माझ्या खात्यात जाऊन पाहिलं. होतकरू मुलीला कुणीही उत्तर दिलेलं नव्हतं.

मग गणपती झाले, आणि चार दिवसांच्या तापात तू गेलीस.

तुझे मामा सांगावा घेऊन आले होते आमच्याकडे. फोन करता आला असता, पण तुझ्या आईने, काकींनी, माणूस पाठवला. मामा अंगणातच उभे राहिले. आईने पाणी आणलं, त्यांनी हात वर करून नको म्हटलं. दोन वाक्यं बोलले आणि वळले. आईने मला नंतर सांगितलं, मरणाचा सांगावा आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही, बसत नाही, काही मागत नाही. आला तसा जातो. त्या वेळी मला ते फार कोरडं वाटलं होतं. निदान टेकायचं तरी, असं वाटलं. हे सगळं तुला का सांगतेय ते पुढे कळेल.

मागच्या रविवारी काकींचा फोन आला. म्हणाल्या, प्रांजूचा मोबाईल सारखा वाजतोय, कोण मॅडम हाय म्हणे, इंग्रजीत लिवतेय, तू ये नि बघ.

मी गेले. काकी पडवीत भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. तुझ्या बाबांची दुसरी शिफ्ट होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. तुझा फोन तुझ्या फोटोखाली चार्जिंगला लावलेला. रोज लावतात त्या. बंद पडला तर काय होईल ते माहीत नाही, पण बंद पडू द्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलंय.

मी उघडला. त्याच मॅडम होत्या. हाय प्रांजल, तू पुन्हा कधी विचारू म्हणाली होतीस ना? मीच विचारतेय. तळोज्याच्या लॅबमध्ये फ्रेशरची जागा आहे, अजून शोधतेयस का? पुढे तोच हसरा चेहरा. दोन दिवसांनी परत, प्रांजल, वाट बघतेय. त्याच्याखाली आणखी दोन वेगळ्या लोकांचे मेसेज, तुझं प्रोफाइल आवडलं म्हणून.

प्रांजल, मी तुझ्या घरात, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभी होते, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? रडू नाही आलं. असं वाटलं, हिला अजून विचारतायत! तू जिवंत नाहीस तरी लोक तुझी वाट बघतायत, आणि मी रोज सकाळी दात घासायच्या आधी खातं उघडून बघते, तर तिथे काहीच नाही. त्यात त्या मॅडमनी शब्द पाळला होता. पाळणार नाहीत, असं मी म्हटलं होतं. तुझ्याबद्दल काहीतरी एक माझं खरं ठरावं अशी माझी इच्छा होती, तेही झालं नाही.

काकींनी विचारलं, काय म्हणते बाई? मी सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा सोलायला लागले.

"कळव तिला," त्या म्हणाल्या. "उगाच वाट बघतेय बिचारी."

मी कळवायला बसले. तुझ्याच फोनवर. लिहिलं की प्रांजल आता या जगात नाही. मी तिची मैत्रीण. आणि माझी बोटं पुढे चालतच राहिली गो. मी पण केमिस्ट्रीची पदवीधर आहे. लेखीत मला तिच्यापेक्षा जास्त मार्क आहेत. ती जागा अजून रिकामी असेल तर कृपया माझा विचार व्हावा. जास्त मार्क आहेत, हेसुद्धा लिहिलं! कुणाला सांगत होते मी ते? मॅडमना, की तुला?

काकी बघत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ओळी मोजायला इंग्रजी लागत नाही.

"एवढा मोठा असतो का गो सांगावा?" त्यांनी विचारलं.

मला मामा आठवले. अंगणात उभे, हात वर केलेला. मी आता त्या मॅडमच्या दारात तसाच निरोप घेऊन उभी होते, आणि निरोप देऊन होण्याआधीच जेवायला काय आहे, असं विचारत होते. मी काकींना सगळं वाचून दाखवलं, मराठीत, एकही ओळ न गाळता. मार्कांचीसुद्धा. मग मी मागून एकेक वाक्य पुसत आले. प्रांजल या जगात नाही, मी तिची मैत्रीण, तुम्ही आठवण ठेवलीत म्हणून तिच्या आईकडून आभार. एवढंच ठेवलं आणि पाठवलं.

पाठवल्यावर वाटलं, गेली नोकरी. खोटं कशाला बोलू, चांगलं काही केल्याचं समाधान वगैरे मुळीच वाटलं नाही. तुझाच राग आला. जाता जाताही तू मला चांगलं वागायला लावलंस.

मी निघाले तेव्हा काकी दारापर्यंत आल्या. हाताला वालाची सालं चिकटलेली. रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "सांगावा नेणारा पाणी पीत नाय, खरं हाय. पण घरी जाऊन आंघोळ केली का तो परत माणूसच ना? मग जावं की त्यानं मागायला. आपल्या पायानं, आपल्या नावानं."

मी विचारलं, तुम्हाला चालेल?

"चालंल कसं? माझ्या पोरीची जागा ती. तू तिथं बसलीस तर राग येणार मला, आत्ताच सांगून ठेवते." मग हाताची सालं झटकत म्हणाल्या, "पण दुसरी कोण बसली तर ती दिसायची पण नाय. तू दिसशील."

बघ, प्रांजल. त्या घरात मी एकटीच जळत नव्हते. पण काकींनी ते तोंडावर सांगितलं, आणि मी मात्र तुला इतकी वर्षं छान, अभिनंदन असं म्हणत राहिले.

घरी आले ती थेट मोरीत गेले. डोक्यावरून पाणी घेतलं. संध्याकाळी केस ओले बघून आई घाबरली, कोण गेलं गो म्हणाली. कुणी नाही म्हटलं. नवीन कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यावरून लिहिलं. पहिल्या ओळीत काम. मला तुमच्या लॅबमध्ये काम हवंय. दुसऱ्या ओळीत, काल प्रांजलच्या फोनवरून तुम्हाला बातमी कळवली ती मीच, जागेबद्दल मला तिथूनच कळलं. हे लपवून नोकरी मिळाली असती तर ती मला रोज टोचली असती. तिसरी ओळ तुझी घेणार होते, पुन्हा कधी विचारू ही. लिहिलीसुद्धा. मग काढून टाकली. ती तुझी आहे. त्याऐवजी लिहिलं, नाही म्हणायचं असेल तरी कृपया कळवा, मी रोज बघत असते.

हे थोडं गाऱ्हाण्यासारखं झालं का? तू हसली असतीस.

उत्तर आलं. तुला हाय प्रांजल आणि हसरा चेहरा. मला, सीव्ही पाठवा. बास! तेवढ्यावरूनही मी हिशेब केला बरं का, की मेलेलीला दोन ओळी आणि जिवंत असलेलीला दोन शब्द. पण त्याच रात्री काकींचा फोन आला. तुझ्या मोबाईलवर मॅडमचं मोठं उत्तर आलं होतं, ते त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. बाई रडली असंल लिवताना, असं काकी म्हणाल्या. तेव्हा कळलं, मला दोनच शब्द का आले ते. बाकीचे तुझ्यासाठी खर्च झाले होते. इथेही तूच!

आणि मग इंटरव्ह्यूची वेळ आली. उद्याची.

तिथे प्रॅक्टिकल घेतात म्हणे. माझा एक थेंब जास्त पडेल आणि शेजारी बघेन तर तू नसशील, तुझा फिका गुलाबी फ्लास्क नसेल. मी कुणाशी तुलना करू गो? इतकी वर्षं तुझ्या मागे धावायची सवय लागलीय. तू अशी अर्ध्यात थांबलीस, हे मला मान्य नाही. हरवायचं होतं मला तुला. नीट, समोरासमोर. आता जिंकले तरी तू खेळायला नव्हतीस, असंच म्हणायचं ना?

म्हणून एक वचन देते. उद्या मॅडम भेटल्या तर तुझं नाव काढून त्यांचं मन वळवणार नाही. निरोप एकदाच द्यायचा असतो. नाही म्हणाल्या तर दुसऱ्या कुणालातरी लिहीन, पहिल्या ओळीत काम सांगून, गाऱ्हाणं न घालता. आणि हो म्हणाल्या तर ही बातमी घेऊन मी स्वतः अष्टमीला तुमच्या घरी येईन. फोन करणार नाही. काकींचा राग अंगणात उभी राहून ऐकून घेईन, आणि मग आत येऊन, तुझ्या फोटोसमोर बसून, त्यांच्या हातचं पाणी मागून पिईन.

मग रोज इतका फिका रंग आणीन, इतका फिका, की कुठे असशील तिथून तुला वाकून बघावं लागेल. एकदा तरी तू माझा हेवा कर, प्रांजल. तेवढं माझं देणं लागतेस.

अजून तुझ्याच शेजारच्या टेबलावर उभी असलेली,
रेश्मा
रामवाडी, पेण