विमानतळावर उरलेली ताई

नेपरव्हिल, २० फेब्रुवारी १९९७

मला न विचारता मलाच ठेवून घ्यायची ही कुठली रीत, श्रीरंग? आशीर्वाद आहेत, सुवर्णालाही आहेत, तिचे गुडघे बरे असोत, पण आधी हे ऐक.

दिवाळीनंतर तुझ्याकडं आले, राहिले, जानेवारीत परत इकडं अमेरिकेला निघाले. तुमचा तो विमानतळ! आफ्रिकेच्या कडेचं पसाभर बेट, त्याची मूठभर राजधानी, आठवड्याला दोन विमानं, आणि पाटी म्हणे आंतरराष्ट्रीय. (वजनकाट्यावर मांजर निजलेलं. ते उठेपर्यंत माझी बॅग खोळंबली.) तू धावपट्टीचे दिवे बदलत होतास, म्हणून सुवर्णा पोचवायला आली. तिनं तळहातावर दही घातलं. दह्याला वास येत होता, मी ते बाकाखाली पुसलं आणि घाईत म्हटलं, "जाते गं." येते नाही म्हटलं, जाते म्हटलं. सुवर्णानं तोंडावर हातच ठेवला. आता बोलले ते बोलले, विमान काय परत वळवू?

तेव्हापासून इथं काही सरळ नाही. दुकानाची काचेची दारं माणूस आला की आपसूक उघडतात, ती माझ्यापुढं उघडत नाहीत. थंडीत उभी राहते, एखादी गोरी बाई आली की तिच्यामागून घुसते. बर्फातून हे आणि मी स्टेशनापर्यंत चालत गेलो, मागं वळून पाहिलं तर पावलं एकाच माणसाची. (ह्यांचीच. डावा पाय फेंगडा पडतो.) पासपोर्टात तुमच्याकडं उतरल्याचा शिक्का आहे, निघाल्याचा नाही. वेदला दाखवलं, तर "मॉम, इट्स फाइन." ह्या पोराला घर पेटलं तरी फाइनच!

शेवटी रविवारी विमानतळाच्या ऑफिसात फोन लावला. (घरी फोन कधी घेणार आहेस?) तर डबा घेऊन आलेली सुवर्णाच फोनवर, म्हणते, "वन्सं आत्ताच जेवल्या. बाकावर बसल्यात, समुद्र बघत." म्हटलं, कोण वन्सं? "अहो, तुम्हीच की! विमान गेलं, तुम्ही राहिलात. रोज म्हणते घरी चला, तर म्हणता, मला न्यायला येणारेत." एवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं. श्रीरंग, ते माझं खाकरणं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं ऐकतेय, ओळखणार नाही?

घाबरले नाही, संताप आला. मी इथं ओटमील गिळायचं आणि तिनं तिथं सुवर्णाच्या हातचं कालवण ओरपायचं? पुढच्या विमानात बसव तिला. रडली तरी बसव.

तुझी,
ताई

ता. क. इतक्यात बसवू नकोस. परवा हे म्हणाले, "तू हल्ली भांडत नाहीस, बरी आहेस ना?" खरं आहे. कागदावर येतं, तोंडातून फुटत नाही. तिथली भांडते का, तेवढं बघ. भांडत असेल, तर तीच तुझी ताई.

ता. क. दुसरा. तसं असेल तर तिकीट तिचं इकडचं काढायचं की माझं तिकडचं, असं हे विचारताहेत. विचारताना माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघतात. पंधरा मार्चच्या आत उत्तर पाहिजे.