मुलगी बसलेलीच असेल

नाशिक,
ता. ७ फेब्रुवारी १९८२

ती. आक्काला शकूचा सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. त्यातली मुख्य गोष्ट सोडून बाकीच्यांची उत्तरं आधी देते. माझा खोकला गेला. दाजींचा रांगडा कांदा निघाला, हे वाचून बरं वाटलं.

आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष डिसेंबरात संपलं, पण आमचा वर्ग अजून चालू आहे. अपंगांशी आणि त्यांच्या घरच्यांशी कसं बोलावं, ते शिकवतात. आम्हाला समुपदेशक म्हणायचं. इथल्या द्वारका चौकातल्या रिक्षावाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे डॉक्टरच ना?" मी हो म्हटलं. भाड्यात काही फरक पडला नाही.

वर्गात नाटकासारखा सराव असतो. एक समुपदेशक, एक आई, एक अपंग. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मलाच अपंग केलं. मी म्हटलं, हे काम मी घरी रोज करते, इथे दुसरं काहीतरी द्या. मग आमच्याच वर्गात शिकणारे कारभारी गुरुजी उठले. असे लंगडले की सिनेमात शोभावं. थोड्या वेळानं त्यांचा डावा पाय बरा झाला नि उजवा लंगडू लागला. आमच्या शिक्षिका सावित्रीबाई सहसा हसत नाहीत, त्याही हसल्या.

गेल्या आठवड्यापासून खरी माणसं येतात. त्र्यंबककडची एक बाई पोलिओ झालेल्या मुलीला घेऊन आली. सगुणा नाव, बारा-तेरा वर्षांची. आई सांगत होती, "पोरगी लय गुणाची हाय. पण पाव्हणं आलं की आत बसवती. उगं लोकांनी बघाया नको." आम्हाला शिकवलंय त्याप्रमाणे मी बोलले. मुलीला लपवू नका, तिला वाटतं आपलंच काही चुकलंय, वगैरे. चांगलं बोलले असावे, कारण सावित्रीबाई मान हलवत होत्या.

बाईनं माझ्या पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या घरचे देतात का तुमाला पाव्हण्यांपुढं चालू?"

मी गप्प बसले. आम्हाला शिकवलंय, की गप्प बसणं हाही समुपदेशनाचा भाग आहे. पण माझं गप्प बसणं तसलं नव्हतं. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

तर आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंस, रविवारी मनमाडची माणसं मला बघायला येतील. ती यायच्या आधीच मला खुर्चीवर बसवायचं, निऱ्या पायांवर सोडायच्या, काठी आणि कॅलिपर आतल्या खोलीत. चालून दाखवा म्हणाले, तर दाजी म्हणणार, काल पाय मुरगळलाय. पुढचं पुढे बघू.

वाचून मला तुझा राग आला, आक्का. लहानपणी तू मला कडेवर घेऊन शाळेत न्यायचीस. वाटेत कोणी विचारलं तर खणखणीत सांगायचीस, "तिचा पाय नाय चालत, डोकं चालतं." तेव्हा तुला लाज नव्हती. आता कुठून आली? माझं वय वाढतंय म्हणून तू घाबरलीस, हे मला कळतं. तरी राग आला.

आणि हेही लिहूनच टाकते. हे लग्न मला हवं आहे. मुलाचा फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला. रेल्वेतल्या कारकुनाचा इतका हसरा फोटो मी पाहिला नव्हता. म्हणून तर दोन दिवस तुझं ऐकावं असंच वाटत होतं. पण मग त्याच्या घरी पहिल्या दिवशी मी खुर्चीवरून उठायचं कधी?

तेव्हा मी शनिवारी येत नाही. रविवारी येते. फाट्यावर उतरून चालत घरी येईन. पाहुण्यांना आधी बसव, चहा दे. मी पुढच्या दारानं आत येईन, काठी घेऊन, कॅलिपर घालून. कॅलिपर वाजतो, तो वाजू दे. दाजींना म्हणावं, मध्ये बोलू नका.

कदाचित ते उठून जातील. गेले तर मी रडेन, खूप रडेन. तेव्हा मला समजवायला येऊ नकोस. नुसती जवळ बस.

तुझी,
शकू