न वापरलेले दोन शब्द

प्रिय ताई,

रविवारी फोनवर सगळं घाईघाईत सांगितलं, म्हणून आता नीट बसून लिहिते आहे. आधी महत्त्वाचं. आई ठणठणीत आहे. काल तिने पलंग सरकवून मागचा कचरा काढला आणि मला हाक मारून दाखवला, जणू तो मीच तिथे साठवून ठेवला होता. ती माझ्यावर पुन्हा ओरडायला लागली आहे, यावरून काय ते ओळख. मधले काही दिवस ती माझ्याशी फार गोड बोलत होती आणि मला त्याचीच धास्ती वाटायची.

आईच्या गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मी शनिवारी बायकांना इंग्रजी शब्द शिकवते, हे तुला ठाऊक आहे. पण तो वर्ग कसा चालतो ते कधी सांगितलं नाही. पदवी हातात आली तेव्हा मला वाटलं, आपल्या घरात पहिल्यांदाच आलेली ही वस्तू कपाटात ठेवायची नाही, वापरायची. शनिवारी काम लवकर सुटतं. मग जेवणाच्या खोलीत फळा टेकवून मी शब्द लिहायचे, अर्थ सांगायचे आणि बायका माना डोलवायच्या. पुढच्या शनिवारी विचारलं की सगळ्यांची पाटी कोरी. मी हिरमुसले. तेव्हा आईनेच नियम काढला. ती म्हणाली, बटण डब्यात ठेवून ते पक्कं आहे की कच्चं हे कसं कळणार, कापडाला लावून ओढून बघायला हवं. शिकलेला शब्द आठवडाभरात वापरायचा आणि वाक्य खरं हवं, आपल्याच बाबतीत घडलेलं. उगाच आकाश निळं आहे, फूल सुंदर आहे, असलं चालणार नाही. वाक्य खोटं निघालं, तर तिने सगळ्यांचा चहा करायचा.

मग काय, वर्गाला रंग चढला. ‘फ्रॅजाइल’ शिकवला त्या आठवड्यात आईने बाबांनाच ते लेबल लावलं. तुझे बाबा फ्रॅजाइल आहेत, त्यांच्यावर जड बोलणं ठेवायचं नाही, म्हणे. बाबांनी दुकानात कुलपं दुरुस्त करता करता हे ऐकलं आणि त्यांनाही शब्दांचा नाद लागला. त्यांना आवडलेला शब्द एकच, ‘इव्हेंच्युअली’, म्हणजे कधी ना कधी. गळका नळ इव्हेंच्युअली दुरुस्त होणार आहे, माळा इव्हेंच्युअली आवरला जाणार आहे. आई म्हणते, जन्मभर हा माणूस जे करत आला त्याला आता कुठे नाव मिळालं. आणि ‘सस्पिशस’ तर कारखान्यात सगळ्यांनाच आवडला, कारण त्यांच्या सुपरवायझर बाई सुटीच्या वेळी दारात उभ्या राहून प्रत्येकीच्या पिशवीत डोकावतात. त्या आठवड्यात चहा करायला कोणी उरलंच नाही. सगळ्यांचं वाक्य एकच होतं आणि ते खरं होतं.

गाठीचं आईने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. गॅस संपत आलाय असं सांगावं तसं. छातीत डाव्या बाजूला काहीतरी हाताला लागतंय, आंघोळीच्या वेळी कळलं, बघू चार दिवस. मी हातातली चादर टाकली आणि दुसऱ्या दिवशी कामावर सुटी टाकून तिला दवाखान्यात घेऊन गेले. तुला कळवायचं नाही, असं आईने बजावलं होतं. तिकडे लेकरू तापाने आजारी आहे, तिचा जीव दोन्हीकडे कशाला टांगायचा, असं तिचं म्हणणं.

तिथल्या डॉक्टरीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण ‘बसा’, ‘श्वास घ्या’ एवढंच आपल्या भाषेत, कामाचं सगळं इंग्रजीत. मी वाटेतच ठरवलं होतं की सगळं आधी मी ऐकणार आणि मग आईला सांगताना थोडं मऊ करून सांगणार. घरातली शिकलेली मी, तेवढं तरी माझ्या हातात होतं ना. डॉक्टरांनी पडद्यावर तपासणीचं चित्र दाखवलं, पेनाचं टोक एका काळ्या ठिपक्याभोवती फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की हे जरा सस्पिशस दिसतंय. मी मनात मऊ शब्द शोधत होते. नीट दिसत नाही म्हणावं, की पुन्हा बघू म्हणावं. तेवढ्यात आईच म्हणाली, म्हणजे गाठीवर संशय आहे. हा शब्द येतो मला, आमच्या सुपरवायझर बाईंसाठी वापरलाय. मग थांबलात कशाला, घ्या झडती.

डॉक्टरांना हसू आवरेना. मला मात्र रडू आवरेना. ताई, मी तो शब्द तिला फळ्यावर शिकवला, टाळ्या वाजवून पाठ करून घेतला आणि आता तोच शब्द मला तिच्यापासून लपवता आला नाही. बाहेर बाकावर बसल्यावर आईने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, बरं झालं. तुझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत बसले असते, तर जास्त घाबरले असते. तुला चेहरा कुठे लपवता येतो.

सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला वेळ लागणार होता. घरी आल्यावर आईने मला समोर बसवलं. म्हणाली, निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाई जे दोन शब्द म्हणू शकतात ते मला आजच शिकव. दारात कोण उभं आहे हे दार उघडायच्या आधी कळलेलं बरं. मी टाळाटाळ केली. ती म्हणाली, मास्तरीणबाई, विद्यार्थिनी विचारतेय. मग मी सांगितले. एक ‘मॅलिग्नंट’, म्हणजे वाईट, पसरणारी. दुसरा ‘बिनाइन’, म्हणजे साधी, जिवाला धोका नसलेली. आईने दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणून जिभेवर बसवले. आणि मग थांबली. वाक्य करायला तिच्याकडे काही नव्हतं. नियम तिचाच होता, वाक्य खरं हवं. आणि दोन्हींपैकी कुठलं खरं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ते दिवस विचित्र गेले. दोन्ही शब्द घरात तसेच पडून होते, न वापरता. बाबांनी नळ दुरुस्त केला. कुणी न सांगता, सकाळी उठून. तो गळायचा थांबला तशी मला जास्तच भीती वाटली. आई मात्र कामावर जात राहिली. काज करणारी तिची मैत्रीण सांगत होती की आईचा एकही टाका वाकडा गेला नाही, फक्त गाणं म्हणत नव्हती.

निकालाच्या दिवशी बाबाही आले, दुकान बंद ठेवून. डॉक्टरांनी कागद वर-खाली बघितला आणि म्हणाल्या, बिनाइन. मी आईकडे वळले, अर्थ सांगायला तोंड उघडलं, पण तिला कुठे गरज होती. तिने डोळे मिटले. मग उघडून म्हणाली, डॉक्टर, परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं. आईने शंका विचारल्या, सगळ्या आपल्या भाषेत, न लाजता. वाढेल का, काढायची का, पुन्हा कधी दाखवायचं. आणि डॉक्टरांनी, ताई, अडखळत का होईना, सगळं आपल्या भाषेत समजावलं. विचारलं असतं तर पहिल्या दिवशीही समजावलं असतं. पायऱ्या उतरताना आईची पिशवी बाबांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि तशीच घरापर्यंत आणली.

शनिवारी आईने वर्गात उभं राहून वाक्य म्हटलं, माझी गाठ बिनाइन आहे. इस्त्रीवाल्या मावशी पदर तोंडाला लावून रडल्या. काज करणारी म्हणाली, मग माझी सासूही बिनाइन, आहे पण वाढत नाही. त्यावर मत घेतलं, सगळ्यांनी वाक्य खोटं ठरवलं आणि तिला चहा करायला लावला. किती दिवसांनी मी पोट दुखेपर्यंत हसले.

हे सगळं फोनवर सांगताना तू मला विचारलंस, गाठ टणक होती का, बोटाखाली सरकायची का, दुखायची का. मी आठवून आठवून उत्तरं दिली. मग तू म्हणालीस दूध उतू जातंय आणि फोन ठेवलास. आज कपडे वाळत घालताना माझा हात मध्येच थांबला. ताई, दुसऱ्याच्या गाठीबद्दल असं कुणी विचारत नाही. मागे बाळाच्या तापाच्या वेळी तू म्हणाली होतीस, इथले डॉक्टर इंग्रजीत बोलतात, मी नुसती हो हो करून येते. म्हणून तू स्वतःची गाठ दाखवायला गेली नाहीस ना? भाऊजींनाही सांगितलं नसशील. फोनवर विचारलं तर तुझं दूध पुन्हा उतू जाईल, म्हणून पत्र लिहिते आहे. मी आईला अजून काही बोलले नाही, तू सांगशील तेव्हाच बोलेन. पण शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने मी येते आहे, सुटी मंजूर झाली आहे. दवाखान्यात मी तुझ्या शेजारी बसेन आणि एकही शब्द मऊ करून सांगणार नाही. तोवर भाऊजींना एवढंच सांग, की धाकटी येतेय, बाळाला त्या दिवशी त्यांनी सांभाळायचं.

तुझ्या दारात शुक्रवारी उभी राहणारी,
तुझीच धाकटी