मायची घंटी

८ सप्टेंबर १९९७, सोमवार

आलो बाई एकदाचे! जळोचीपासून कळसपर्यंत टेम्पोत भांडी आदळत होती, पण जास्मिन खूश होती. इंजिनाबरोबर तिचंही आपलं चालू होतं, डुगडुग, डुगडुग. कुठलंही इंजिन ऐकलं की तिचा हाच सूर लागतो आणि मग दिवसभर चालतो. ड्रायव्हर म्हणाला, पोरगी लई गुणाची हाय. मी म्हटलं, खाली उतरू द्या, मग बघा गुण.

घर झकास आहे. दोन खोल्या, वर पत्रा, दारात लिंबाचं झाड आणि चारी बाजूंनी ऊस, माझ्या डोक्याच्या वर. मालक पुण्याला असतात, वस्तीवर दिवा लावायला कुणीतरी हवं होतं त्यांना. जास्मिनच्या अब्बांना भवानीनगरला पंपाच्या मोटारी वाइंडिंगच्या दुकानात काम मिळालंय. एमेटी गाडीवर सकाळी जायचं, रात्री यायचं. जागा एकाकी आहे असं ते दोनदा म्हणाले. मला तेच तर हवं होतं.

जळोचीत आता जीव नकोसा झाला होता. जास्मिन सहा वर्षांची आहे. बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. दार उघडं दिसलं की चालायला लागते, आणि चालायला लागली की थांबत नाही, मागं वळून बघत नाही. पुढं रस्ता असो नाहीतर कालवा असो, तिला सगळं सारखंच. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम असा शब्द सांगितला आणि लक्ष ठेवा म्हणाले. सासूबाईंनी दर्ग्यातला दोरा बांधला. शेजारणींनी तर निकालच देऊन टाकला, आईलाच सांभाळता येत नाही. मागच्या महिन्यात ती भिगवण रस्त्यावर ट्रकच्या समोर उभी सापडली. त्या दिवशी मी ठरवलं, जिथं रस्ता नाही तिथं जाऊन राहायचं.

पोरगी माझी गोड आहे. फक्त हात धरू देत नाही, धरला की चटका बसल्यासारखा ओढून घेते. बाजारातून तिचा हात धरून मिरवायचं एवढी एक हौस राहिलीय माझी.

११ सप्टेंबर, गुरुवार

रस्ता नाही म्हणून मी खुळी निर्धास्त झाले होते. इथं ऊस आहे. जास्मिन सरीत शिरली की दोन हातांवरची दिसत नाही, आणि उसाच्या पलीकडं कालवा वाहतोय.

दाराची कडी वर बसवून घेतली, तर ती पिठाच्या डब्यावर चढून काढायला शिकली. कुलूप लावलं, तर दारावर कपाळ आपटून टेंगूळ आणलं. कुलूप फेकून दिलं मी. हिरव्यात उठून दिसावी म्हणून लालभडक फ्रॉक शिवला, लाल बटणं लावली, आतून गाव आणि अब्बांचं नाव दोऱ्यानं घातलं. आसपासच्या वस्त्यांवर सांगून आले, लाल फ्रॉकवाली दिसली तर आणून सोडा.

आज तिला भागूबाई घेऊन आल्या. पलीकडच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण चाल अशी की मला धाप लागावी. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता पोरांनी विकून ऊस लावलाय. जास्मिनला हात न लावता, नुसतं पुढं-पुढं चालून त्यांनी तिला घरी आणलं. मी बघतच राहिले.

२० सप्टेंबर, शनिवार

भागूबाईंनी मला एक पितळी घंटी दिली. मेंढीच्या गळ्यातली. झिजून गुळगुळीत झालीय, पण आवाज असा की अर्ध्या शिवारात ऐकू जावा. म्हणाल्या, ही कमरेला बांध आन पोरीच्या पुढं चालत ऱ्हा, चार दिसांत तुझ्या मागं येतीय का न्हाय बघ.

मी हसले. मी घंटी बांधून हिंडायचं? मी काय मेंढी आहे? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घंटी मायच्या गळ्यात बांदत्यात भाभी, कोकराच्या न्हाय. घंटी वाजंल त्याच्या मागं हरावलेलं येतंय."

त्यांच्या पाठीमागं मी विचार केला. हरवते कोण? जास्मिन. मग आवाज कुणाचा यायला हवा? जास्मिनचा. मेंढरांना काय, त्यांना मागं चालायची सवयच असते. माझी लेक कुणाच्या मागं चालणारी नव्हे. घंटी मी तिच्याच कमरेला काळ्या दोऱ्यानं बांधली. तिला कुणी काही बांधलेलं चालत नाही, पण ही चालली. वाकून ऐकत बसली.

आणि काय सांगू, सुटले मी! भाकरी थापताना कान तिकडं. अंगणात आहे, लिंबाखाली आहे, सरीत शिरली. आवाज लांब गेला की मी उठायचं. आज कित्येक महिन्यांनी मी निवांत अंघोळ केली. भागूबाईंना मात्र सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दुकान बंद असूनही ह्यांना बोलावून घेतलं. कारखान्याचं गळीत सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या मोटारी एकदमच जळतात. बोलायला माणूस नाही. जास्मिनशी बोलते, भांड्यांशी बोलते, आणि वही, तुझ्याशी.

जास्मिन सध्या भाकरीचा अर्धा तुकडा हातात ठेवते. स्वतःच्या ताटातला दाणा कुणाला देत नाही ती, पण तो तुकडा उसाच्या कडेला ठेवून येते. मला वाटलं, कुत्र्याला. मग सकाळी पाणी दिलेल्या सरीत चिखल बघितला. जास्मिनची पावलं मला पाठ आहेत, चवड्यावर चालते ती. त्यांच्या मागोमाग दुसरी पावलं होती. तेवढीच, पण टाच टेकलेली.

कुणाचं तरी पोर येत असेल खेळायला. येईना का. माझ्या लेकीला कुणीतरी जोडीदार मिळाला तर मी पेढे वाटीन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी जास्मिन सरीतून नुसत्या चड्डीवर आली. फ्रॉक नाही. ओरडले, पाठीत एक धपाटाही घातला, आणि मग मीच रडत बसले. ऊस पालथा घातला, फ्रॉक काही सापडला नाही. उरलेल्या कापडाचा तसाच दुसरा शिवलाय. लाल बटणं संपली होती, पांढरी लावली.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. चारच्या सुमाराला जास्मिन दमून झोपली होती, घंटी पोटाखाली दबलेली. मी शेजारी बटणं लावत होते. आणि घंटी वाजली. बाहेर. उसात. आधी लांब, मग जवळ, मग घराभोवती एक फेरी.

दुसऱ्या कुणाची मेंढरं असतील म्हणून दारात गेले. मेंढरं नव्हती. उसाचं एक पानही हलत नव्हतं. आत जास्मिन झोपेत हसली. ती कधी माझ्याकडं बघून हसलेली नाही. वाईट वाटलं. भीती नंतर वाटली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आता रोज दुपारी वाजते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, एकटी असतेस म्हणून कान वाजतात. मग नका ना ठेवू मला एकटी!

आज भागूबाई आल्या. जास्मिनच्या कमरेला घंटी बघितली, म्हणजे डोळ्यांनी नाही, आवाजानं, आणि उंबऱ्यातच बसल्या. कुणी बांधली म्हणाल्या. मी सांगितलं. पावलांचं सांगितलं, फ्रॉकचं सांगितलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. हा सगळा माळ होता तेव्हा, ऊस नव्हता. घरचे सगळे मेंढरं घेऊन चालले होते. त्यांची लेक होती, म्हाळसा, जास्मिनएवढीच. आईला चिकटून असायची, झोपेतसुद्धा हात धरलेला. धुळीची वावटळ आली, कोकरं पांगली, ती धरायला भागूबाई पळाल्या. धूळ बसली तेव्हा पोरगी नव्हती. तेव्हापासून घंटी त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधली. म्हाताऱ्या झाल्या, मेंढरं गेली, गावातली पोरं हसायला लागली, मुलगा चिडायला लागला, तेव्हा कुठं काढून खुंटीला लावली.

"ती हात सोडायची न्हाय भाभी," म्हणाल्या. "म्याच सोडला."

मग म्हणाल्या, ती माय हुडकत होती, तिला तू लेकरू दावलंस. आता लेकराच्या मागनं ती घरापर्यंत आलीय. घंटी काढ, मला दे. आन तू बी आता बांदू नगंस, वाजवलीस तर दोगीबी येतील.

घंटी मी काढली. पण दिली नाही. उद्या देते म्हटलं. काय सांगू, भीती वाटते, पण घंटी गेली तर माझ्या हातात राहतंय काय? पिठाच्या डब्यात ठेवलीय.

३ नोव्हेंबर, सोमवार

भागूबाईंना त्यांच्या मुलानं, बिरूनं, बारामतीला नेलंय, डोळ्याच्या ऑपरेशनला. वस्तीवर कुलूप. ऊसतोडीची टोळी आलीय. पूर्वेकडून तोडत येताहेत. बरं वाटतं, मोकळं दिसायला लागलं. आता कालव्याकडचा तुकडा तेवढा उभा आहे.

जास्मिन घंटीसाठी डबा हुंगते, रडते. मी तिच्या कमरेला ओढणीचं टोक बांधून दुसरं माझ्या कमरेला बांधलंय. स्वयंपाक करताना दोघी ओढल्या जातो.

आज दारावर थाप पडली. खूप खाली. मुलाचा हात पोचेल तिथं. मी उघडलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

थाप. दुपारी. ह्यांचा आज मुक्काम दुकानातच. मी म्हटलं, जाऊ नका. म्हणाले, सीझन आहे. बरोबर आहे त्यांचं.

डब्यातून आवाज येतो. झाकण लावलेलं असताना. मी झाकणावर पाटा ठेवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपार. ओढणी दातांनी कुरतडलीय. दार उघडं. मी फक्त डोळा मिटला होता— रात्रभर जागी होते— फक्त डोळा—

टोळीतल्या बाया म्हणतात, लाल फ्रॉक उभ्या तुकड्यात शिरला. गडी आत गेले, रिकामे आले. उद्या तोडतानाच सापडंल म्हणाले. उद्या! पलीकडं कालवा आहे. पाणी सुटलंय.

भागूबाईंनी नको सांगितलंय. मला माहीत आहे. पण दुसरं काय आहे माझ्याकडं? हाकेला ती येत नाही.

पाटा काढते.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ

मिळाली! मिळाली माझी पोरगी!

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, कारण उजवा हात तिनं धरलाय. हो, धरलाय! कमरेला घंटी बांधून बांधावरून चालले. वळले नाही. मागं पाचोळा वाजायला लागला. मग हातात हात आला. लहानसा, गार. मी तशीच चालत घरी आले, रडत, हसत. दाराला कडी घातली. सहा वर्षं, अल्ला, सहा वर्षं वाट बघितली मी ह्याची.

शेजारी बसलीय. खांद्याला डोकं टेकून. हे आले की दाखवते त्यांना.

बोलली ती! आत्ता. हळूच. "आये," म्हणाली.

आये. शिकली असेल. इथली पोरं म्हणतात तसंच. आमच्यात अम्मी— मी रोज अम्मीच म्हणवून घेते— पण शिकली असेल.

हात फार गार आहे. चोळते.

चिमणी लावली. फ्रॉक बघितला. बटणं लाल आहेत.

पांढऱ्या बटणांचा घातला होता. मी स्वतः, आज सकाळी, पांढरी—

टाच टेकून बसलीय.

बाहेर आवाज आहे. इंजिन कुठलं? लाइट सकाळपासून नाही, पंप बंद आहेत— डुगडुग— लिंबापाशी— डुगडुग—

जास्मिन. घंटीच्या मागं आली. माझ्या मागं आली! भागूबाई म्हणाल्या होत्या तशी, घरापर्यंत आली माझी—

थांब बाळा. थांब. पण ती थांबत नाही, ती कधी— दारावरून पुढं गेली. कालव्याच्या अंगाला.

हात सुटत नाही. ओढते, सुटत नाही. सोड गं. तुझी आये येईल, बारामतीला गेलीय, येईल, मी सांगते तिला— सोड. लांब चालला आवाज. हात सोड, माझी लेक चालली, हात