तंबू आणि वरंबे

आदरणीय डॉर्कसताईस,

विल्फ्रेडचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळं उत्तम. हेस्टरचं लग्न शनिवारी आहे हे तुला गावातल्यांकडून कळलंच असेल. जेवण आपल्या कुरणात, तंबूत. कल्पना माझी.

वडिलांच्या शेताचा माझा अर्धा भाग तू पाहतेसच (तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसत नाही). सातशे वर्षांपूर्वीच्या नांगराचे सरी-वरंबे मी जसेच्या तसे राखले आहेत. तू तुझा अर्धा भाग ट्रॅक्टर घालून सपाट केलास, तेव्हा चर्चच्या जत्रेत मी तुझ्याबद्दल जे बोललो ते ध्वनिक्षेपक चालू असल्यामुळे जरा मोठ्याने गेलं. असो. तंबूवाल्यांना मी सांगितलं, एका रुंद वरंब्याच्या माथ्यावरून सरळ जा, जमीन कोरडी आहे. ते सरळ गेले. वरंबा गेला नाही. (जुने वरंबे टोकाला वळतात, आठ बैलांचा लांबलचक नांगर बांधापाशी फिरवायचा तर आधीपासूनच कलतं घ्यावं लागे. इतकी समज आज कोणात आहे?) त्यामुळे तंबूचं एक टोक माथ्यावर आणि दुसरं सरीत आलं. मग बुधवारी पाऊस झाला.

काल व्याह्यांकडच्यांना चहाला बोलावलं होतं, तंबू दाखवायला. मिसेस पार्जिटर, म्हणजे मुलाची आई, खालच्या टोकाला बसल्या. माझ्या खुर्चीवरून त्यांची फक्त टोपी दिसत होती. मी टोपीशी अदबीने बोलत राहिलो. तेवढ्यात चहाची ढकलगाडी कोणी न ढकलता निघाली आणि थेट त्यांच्यापाशी जाऊन थांबली. मी म्हटलं, पाहा, वाढप्यांचीसुद्धा गरज नाही. त्या पाण्यातले पाय वर घेत म्हणाल्या, "मिस्टर टेबट, मला विहीण म्हणून बोलावलंय की बदक म्हणून?"

हेस्टर हसली नाही. "बाबा, लग्न माझं आहे की तुमच्या बैलांचं?" आज संध्याकाळपर्यंत सपाट जागा मिळाली नाही तर जेवण त्यांच्या गावच्या हॉटेलात, असं तिने ठरवलंय. तिथे गालिचे आहेत. माझी एकुलती एक मुलगी या शेतात चालायला शिकली, ताई. (पडत पडत शिकली, पण म्हणूनच तिचा तोल चांगला आहे.)

बाकी सर्व ठीक.

तुझा,
विल्फ्रेड

ता. क. तुझ्या भागाला एक प्रकारचं सौंदर्य आहे, हे मी पहिल्यापासून मानत आलो आहे.

ता. क. हे पत्र तंबूवाल्यांच्याच हाती देतो आहे. ते दारात उभे असतील. त्यांना चहा दे आणि फाटक उघड. तंबूचे दोर सोडलेले आहेत.

ता. क. हेस्टर म्हणते, आत्याची खुर्ची पहिल्या रांगेत. तेव्हा शनिवारी तुझ्या शेतावर तुला अगत्याचं आमंत्रण.