आमचं ऑब्जेक्शन

उंबरवाडी, आंदर मावळ
ता. ९ डिसेंबर १९६४

चिरंजीव हौशीराम,

तुला, सौ. नंदाबाईला आणि बाळाला आम्हा दोघांचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. भात झोडून झालं, पेंढा रचला. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. लोणावळ्याच्या थंडीत कान बांधून ड्यूटीवर जात जा.

तुझं पत्र पोचलं. खोलीचं मागाहून लिहितो, आधी गावची बातमी ऐक. आपण जिंकलो!

झऱ्याची वाट बंद करून तिथं बंगल्याचं कुंपण घालायचं, असा मुंबईच्या शेठचा अर्ज होता, हे तुला ठाऊकच आहे. ती वाट गेली तर चैत्रात पाण्यासाठी डोंगर उतरून ओढ्याला जावं लागणार. दिवाळीआधी सर्कलसाहेब चौकशीला आले. पारावर सगळा गाव जमला. साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "कुणाचं काही ऑब्जेक्शन?" मी शेजारच्यांना अर्थ सांगितला, हरकत आहे का विचारतात. मग आम्ही सगळे गप्प बसलो. चांगले ठणकावून गप्प बसलो.

आपली रीत तुला माहीत आहे. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला तोंडावर कोण नाही म्हणतं? सुपारी पुढं सरकवायची आणि साऱ्या घरानं मुकं व्हायचं. पाहुणा समजतो, हितं जमायचं न्हाई. साहेबही समजले असं धरून आम्ही खुशीत घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात ठाकरवाडीचा कान्हू पळत आला. "आबा, वाटंवर खुट्या ठोकल्यात!"

मी तडक वडगावची कचेरी गाठली. साहेब म्हणाले, "आबा, विचारलं तेव्हा गप्प का बसलात?"

"साहेब, गप्प बसलो म्हंजे न्हाईच म्हनलो की!"

साहेब पोट धरून हसले. माणूस भला. "आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार," म्हणाले, आणि पुन्हा यायचं कबूल केलं.

परतीच्या वाटेवर मी तो शब्द घोळवत आलो. तुझ्या जुन्या पुस्तकावर गिरवून शिकलेलं माझं इंग्रजी, पण हा शब्द मला आता पुरता उमगला. ऑब्जेक्शन म्हणजे भांडण नव्हे. रुसून उठून गेलं तर तेही ऑब्जेक्शन नव्हे. समोर बसायचं, आपलं नाव सांगायचं, कशाला हरकत ते सांगायचं, का ते सांगायचं. मग त्याच माणसाबरोबर चहा प्यायला मोकळं. पण तोंड उघडायलाच हवं. पोटातलं ऑब्जेक्शन सरकारला दिसत नाही. घरोघरी हिंडून मी हे सांगितलं.

साहेब पुन्हा आले, शेठही आले. साहेबांनी विचारलं, आणि घरोघरी शिकवणारा मीच अडलो रे! सारा गाव माझ्या तोंडाकडं बघतोय आणि मी आपला पागोटं सारखं करतोय. तेवढ्यात बायकांतून तुझी आई उभी राहिली. पारापुढं आजवर डोक्यावरचा पदर सावरण्यापलीकडं तिनं काही केलं नव्हतं.

"माजं नाव सरुबाई. माजं ऑब्जेक्शन हाय."

"कशाला, बाई? बंगल्याला?"

"बंगल्याला कशापायी? दोन मजली बांदा की! वाट बंद करायला. नवी नवरी आले तवा पयली घागर ह्याच वाटंनं आणली. आता गुडघं दुकत्यात, वड्यातनं कुटं चढू?"

मागून ठाकरवाडीची बयाबाई ओरडली, "माजं बी!" मग काय, लाह्या फुटाव्यात तशी तोंडं फुटली. शेवटी शेठच हसत म्हणाले, "अहो, हे मला आधीच का नाही सांगितलं?" आता काय सांगू त्यांना!

काल हुकूम आला. वाट कायम मोकळी. खुट्या उपटताना पोरीबाळी नाचल्या. एक खुटी मी मागून घेतली, तिला कालवड बांधली आहे.

आता खोलीचं. झऱ्याचं पाणी तुटायच्या आधी दोघांनी लोणावळ्याला या, असं तू दर पत्रात लिहीत होतास. मी दर वेळी शेता-गुरांचं लिहिलं, त्याचं उत्तर दिलंच नाही. तू समजलास, आबा तयार आहेत. खोली सारवलीस, सूनबाईनं खिडकीला पडदा शिवला. मी मात्र इकडे समजत होतो, पोरगा ओळखेल. तू आता साहेबांच्या देशात राहतोस, हे ध्यानातच आलं नाही बघ.

तर नीट वाच. नाव सोपान. तुझ्या घराला नाही, तुझ्या मायेला तर नाहीच नाही. गाव सोडायला हरकत. कारण, झऱ्याची वाट मोकळी आहे आणि त्या वाटेनं चालायला आम्ही अजून आहोत. पडदा काढू नकोस. शिमग्याला चार दिवस पाहुणे म्हणून येतो.

तुझी आई चुलीपुढून ओरडते आहे, "माजं बी लिवा!" लिहिलं.

तुझा, ऑब्जेक्शन असलेला आणि मुळीच न रागावलेला,
आबा