सातव्या नंबरचा डायनासोर

२६ ऑक्टोबर २००९, सोमवार. संग्रामपूर

पोचलो एकदाचा! अकोला ते शेगाव एक एसटी, शेगाव ते इथवर दुसरी, आणि सगळा रस्ता मांडीवर बुटाचं खोकं. कंडक्टरनं दोनदा विचारलं की खोक्यात अंडी आहेत का. म्हटलं, अंडी नाहीत, अंड्यांतून निघालेले आहेत. तो काही हसला नाही.

खोली झकास मिळाली. खाली फकीर मोहम्मद यांचं गादीघर आहे. दिवसभर कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या. वरची खोली माझी. खिडकी उत्तरेला, समोर सातपुड्याची निळी रेघ. त्यांच्या बेगम शाहजादीबींनी आल्या आल्या चहा पाठवला. बियाणं कंपनीचा माणूस म्हटल्यावर लोक तोंडं वाकडी करतील असं वाटलं होतं, पण इथं माणसं गोड आहेत.

सामान लावायच्या आधी खिडकीच्या कट्ट्यावर माझे सहा जण मांडले. चौऱ्याण्णव साली चहाच्या पुड्यात एकेक प्लास्टिकचा डायनासोर यायचा. एकूण सात, प्रत्येकाच्या पोटाखाली नंबर. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आईला शेजारपाजारचा चहासुद्धा आणायला लावायचो. सहा मिळाले. सातवा, लांब मानेचा निळा, पंधरा वर्षं हुलकावणी देतोय. जुनी दुकानं, भंगारवाले, शेगावची जत्रा, सगळं पालथं घातलं. माझी बायको सिंधू म्हणते, एवढा शोध तुम्ही चांगल्या नोकरीसाठी घेतला असतात तर बरं झालं असतं! हौसेला मोल नसतं, दुसरं काय.

सातव्या जागेवर पुष्पांजलीची पिवळी क्लिप आहे. सात वर्षांची माझी लेक. निघताना तिनं स्वतःच्या केसांतून काढून ती खोक्यात ठेवली आणि बजावलं की सातवा येईपर्यंत त्याच्या जागी मी बसले असं समजा. शाळा अकोल्यात म्हणून दोघींना तिथंच ठेवावं लागलं.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवसांत अकरा गावं. यंदा बीटी कपाशीवर लाल्या आलाय, पानं लालभडक होऊन गळताहेत, आणि शेतकरी जाब विचारतात तो मला. आमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीची छोटी पुडी असते, ती बांधाच्या कडेनं पेरायची. कोणी पेरत नाही. बांधावर पुड्या तशाच पडलेल्या दिसतात. मी बोललो तर म्हणतात, साहेब, आधी पानी पाडून दाखवा.

डोंगराच्या पायथ्याशी किसनरावांचं शेत आहे. त्यांचं पीक त्यातल्या त्यात बरं. तिथं आमच्याच कंपनीचा २००३ सालचा बोर्ड अजून उभा आहे, गंजलेला. त्याच्या जागी नवा लावायचाय. किसनराव मोजकं बोलणारे. त्यांनी सांगितलं की सोमवारी सीतादही आहे, जेवायलाच या.

सीतादही म्हणजे काय हे मला विचारावं लागलं. रेल्वे क्वार्टरात वाढलेला माणूस मी, कापूस पाहिला तो शर्टात. पहिल्या वेच्याआधी शेतात सात दगड मांडून पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मगच बाया बोंडाला हात लावतात.

२ नोव्हेंबर, सोमवार

सापडला! सापडला! सापडला!

नीट लिहितो. किसनरावांच्या पत्नी रुखमाबाईंनी कपाशीच्या एका मोठ्या झाडाखाली जागा सारवली होती. ओळीत सहा दगड, शेंदूर लावलेले. आणि सातव्या जागी तो. लांब मानेचा, निळा. शेंदरानं माखलेला, पण मी अंधारातसुद्धा ओळखला असता.

बाया पाया पडल्या, दहीभात शिंपडला, झाडांना सुताचे फेरे घातले. मग सगळ्या वेचायला पलीकडच्या टोकाला गेल्या. मी पाहत राहिलो. कोणी दगड उचलले नाहीत की पूजेकडे वळून पाहिलं नाही. आमच्या घरी आरती झाली की देवाचं काम संपलं, पाट उचलतात. म्हटलं इथंही संपलं असेल.

माझा एक नियम आहे. बदल्यात काही ठेवल्याशिवाय मी कुणाची वस्तू घेत नाही. पिशवीत नांदुऱ्याच्या बाजारात घेतलेला नवा कोरा हिरवा डायनासोर होता, तो तिथं ठेवला आणि निळा उचलला. अदलाबदल म्हणजे काही चोरी नव्हे. तरी बांधावरून येताना मागं पाहिलं. चोराच्या मनात चांदणं!

३ नोव्हेंबर, मंगळवार

धुऊन पुसून कट्ट्यावर बसवला. पोटाखाली स्पष्ट ७. पंधरा वर्षं! पुष्पाची क्लिप टेबलाच्या खणात नीट ठेवली, खणाला कुलूप लावलं.

एक गंमत, हा इतरांपेक्षा जड आहे. प्लास्टिक तेच, आत पोकळ तसाच, पण हातात धोंडा घेतल्यासारखा वाटतो.

संध्याकाळी फोनवर पुष्पाला सांगितलं. तिला आनंद झाला, पण आवाज बारीक होता. म्हणाली, शाळेत उजव्या हाताची बोटं मिटली ती उघडेचनात, बाईंनी चोळून उघडली. सिंधू म्हणाली, पेन घट्ट धरते ती, दुसरं काही नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सातही जणांची तोंडं खिडकीबाहेर होती. मी नेहमी खोलीकडे तोंड करून मांडतो. निळ्याच्या पायाशी कापसाची पुंजकी, ताजी, सरकीसकट.

फकीर मोहम्मदांना चेष्टेत म्हटलं, चाचा, तुमचा कापूस वर चढायला लागला. ते वर आले, पुंजकी बोटांत चोळून पाहिली आणि गंभीर झाले. म्हणाले, "साहेब, माह्याकडे जिनिंगातली साफ केलेली रुई येते, तिच्यात सरकी कुठून असनार? हा झाडावरचा कापूस हाये." निळ्याला त्यांनी हात लावला नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार

सिंधूचा फोन. पुष्पाचे गुडघे वाकत नाहीत. काल पाटावर बसली ती उठलीच नाही, उचलून न्यावी लागली. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं, सगळं ठीक म्हणाले. दुखत नाही म्हणते. नुसती बसते. सिंधूनं जाता जाता सांगितलं की पलंग कसाही फिरवला तरी ती वायव्येकडेच तोंड करून बसते.

अकोल्याहून वायव्येला काय आहे ते मी नकाशात पाहिलं: हेच शिवार. पाहायला नको होतं.

मला रडू आलं. स्वतःलाच म्हटलं, भागवतराव, उद्याच्या उद्या ते खेळणं परत ठेवा. बास झाली हौस.

८ नोव्हेंबर, रविवार. दुपार

परत ठेवायला गेलो. शेतात कोणी नव्हतं. सहा दगड. माझा हिरवा डायनासोर नव्हता. सातव्या जागेवर पुष्पाची पिवळी क्लिप होती.

ताजा शेंदूर लावलेली.

मी ती उपटली. हो, उपटावी लागली, मुळं धरल्यासारखी बसली होती. त्याच क्षणी खिशातला फोन वाजला. सिंधू किंचाळत होती, पुष्पाचा श्वास थांबला, ओठ निळे पडले. मी क्लिप जागेवर ठेवली. देवा! ठेवल्याबरोबर फोनवर पुष्पाचा खोकला ऐकू आला.

खोलीवर आलो. खणाचं कुलूप तसंच. उघडला तर आत हिरवा डायनासोर, मान मोडलेली.

९ नोव्हेंबर, सोमवार

रुखमाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. पहिल्या वेच्याला बसवलेले सात उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटचा कापूस घरात येईपर्यंत, कोणी हलवायचे नसतात. २००३ साली ऐन हंगामात कंपनीच्या माणसांनी बोर्ड उभा केला आणि खांबाला पाचर म्हणून सातवा दगड ठोकला. आठ दिवसांत त्यांचा नातू आजारी पडला. आधी बोटं, मग गुडघे, मग मान. बारा दिवसांत गेला. मुठीत हा डायनासोर होता. त्यांनी तो सातव्या जागी बसवला, तेव्हापासून शेत शांत आहे.

म्हणाल्या, "जागा रिकामी नाही राह्यत, साहेब. तुमी उचललं, तर तुमच्या घरचं बसलं. काऊन उचललं हो? मले मांगतलं असतं तर उलंगवाडी झाल्यावर मी सोता देल्लं असतं."

मागितलं असतं तर. एवढंच करायचं होतं.

निळा तिथं ठेवून पाहिला. दोनदा, तीनदा. आडवा पडतो. आता तो जड नाही. नुसतं प्लास्टिक.

१० नोव्हेंबर, मंगळवार

मूळ दगड! बोर्डाखाली असणारच. किसनरावांनी स्वतः पहार आणली. दोघांनी खणलं. मी असे पन्नास बोर्ड लावलेत. खड्डा घ्यायचा, हाताला येईल तो दगड घणानं ठोकायचा. कधी पाहिलं नाही कुठला दगड, कुणाचा.

निघाला. दोन तुकडे झालेला. तुकडे जोडून ठेवले, सुतानं बांधले, शेंदूर लावला.

क्लिप हलली नाही.

सिंधूला इकडे यायचंय. मी ओरडलो तिच्यावर, पोरीला या शिवारात आणू नकोस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा इतका ओरडलो.

११ नोव्हेंबर, बुधवार

मान वळत नाही पुष्पाची. आजपासून.

बोलते अजून. म्हणाली, बाबा, मी तुमच्या कट्ट्यावर बसलेय का? मला डोंगर दिसतो.

तिनं सातपुडा कधी पाहिलेला नाही —

१२ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

रुखमाबाईंना विचारलं, वस्तूच्या जागी माणूस स्वतः बसला तर? त्या म्हणाल्या की नातवासाठी त्या स्वतः बसल्या होत्या. त्यांची बोटं मिटायला लागली होती, घरी पोरानं डोळे उघडले होते. किसनरावांनी त्यांना उचलून घरी नेलं. संध्याकाळी पोरगा गेला. सहा वर्षं त्या नवऱ्याशी धड बोललेल्या नाहीत.

म्हणजे चालतं —

फकीर मोहम्मदांकडे सहाही ठेवले. पुष्पाला द्या म्हणालो. निळाही. त्यांनी हात धरून ठेवला माझा, सोडेनात. शाहजादीबी दारात डोळे पुसत होत्या. सिंधूला चिठ्ठी लिहिली. फोन करायची हिंमत नाही —

दुपार. शेतात

बसलो. दगडांच्या ओळीत, क्लिपच्या मागं. रुखमाबाईंनी कपाळाला शेंदूर लावला, दहीभात ठेवला. किसनराव बांधावर पाठ फिरवून उभे आहेत. या वेळी उचलणार नाही म्हणाले.

बाया वेचताहेत. ऊन चांगलं आहे.

क्लिप आपोआप आडवी झाली. हात लावला. सुटली. हलकी! केवढी हलकी. खिशात घातली —

डावा हात मिटला. उघडत नाही. दुखत नाही, खरं सांगत होती पोर —

गुडघे गेले. भीती वाटते. फार वाटते. उठावंसं वाटतं, उठता येत नाही हे बरंच —

फोन. रुखमाबाईंनी कानाशी धरला. सिंधू हसतेय की रडतेय. पुष्पा उठली. अंगणात पळतेय. मान फिरवून आईकडे बघतेय —

मग पुष्पा. बाबा, माझी बोटं उघडली. बाबा, सातवा घेऊन कधी येता? बोला ना. बाबा, बोला ना —

जीभ हलत नाही. रुखमाबाईंना खूण करतो, सांगा तिला, सांगा की तिचा बाबा

डोंगर किती जवळ

फक्त ही तीन बोटं अजून. पुष्पा, सातवी जागा आता भरली, तू तिथं कधी